दोरीचं मागचं टोक

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत कुत्र्याला माणसाचा माग काढायला शिकवतो, असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘इथे?’

प्रश्नात चूक काही नाही. सेकंड फेजच्या कुठल्याही क्रॉसवर उभे राहा. एका शेडमधून जुन्या कूलंटचा आंबूस वास, दुसऱ्यातून पावडर कोटिंगच्या ओव्हनचा, गटाराचा वेगळाच, आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर तट्टे इडलीची वाफ. एवढ्यात एका माणसाचा वास कुणाला लागणार? पण शॉपमध्ये वीस मशिनं चालू असताना एका लेथचं बेअरिंग कुरकुरायला लागलेलं जुन्या टर्नरला बरोबर ऐकू येतं. गोंगाट तेवढाच असतो, त्याचा कान त्या एका आवाजावर असतो. कुत्र्याचं नाक तसं चालतं. पीण्यातल्या वासांनी त्याची फारशी अडचण होत नाही. अडचण होते ती दोरीचं मागचं टोक धरलेल्या माणसाची, आणि हा लेख मुख्यतः त्या माणसासाठी आहे.

खेळ सांगायला सोपा. एक माणूस आपला मोजा किंवा रुमाल ठेवून चालत जातो आणि कुठेतरी लपतो. कुत्रा ती वस्तू हुंगतो आणि मधल्या वेळात रस्त्यावरून आणखी कितीही जण गेलेले असले तरी त्या एकाच माणसाच्या वासामागे जाऊन त्याला गाठतो. सापडलेला माणूस त्याला खाऊ देतो, लाड करतो. झालं. परदेशात याला मॅनट्रेलिंग म्हणतात. पोलिसांच्या आणि शोधपथकांच्या कामातून ते हौशी लोकांच्या सुटीच्या दिवसात आलं.

याचा एक चुलतभाऊ आहे, ट्रॅकिंग. आयजीपी नावाच्या स्पर्धेत कुत्रा नाक जमिनीला लावून शेतातून पावलापावलावर जातो. तिथे तुडवलेल्या गवताचा आणि दबलेल्या मातीचा वासही त्याला वाट दाखवतो. पीण्यात गवत शोधायचं तर त्यासाठीच एक कुत्रा लागेल. डांबरावर, काँक्रीटवर, खडीवर माग काढणं हे अवघड मानलं जातं, म्हणून अमेरिकन केनेल क्लबने १९९५ साली त्यासाठी ट्रॅकिंगचीच एक वेगळी परीक्षा सुरू केली. ६०० ते ८०० यार्डांची वाट, तीन ते पाच तास जुनी, तीन निरनिराळ्या पृष्ठभागांवरून जाणारी, आणि त्यातल्या किमान दोन पृष्ठभागांवर गवताचं पातंही नको. हे नियम पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमच्या शॉपबाहेरचा रस्ताच कुणीतरी लिहून काढल्यासारखा वाटला.

शिवाय पीण्याला रविवार आहे. सत्तरच्या दशकात वसवलेली ही वसाहत आठवड्याचे सहा दिवस ट्रक, टेंपो आणि शिफ्टच्या माणसांनी भरलेली असते; रविवारी बहुतेक शटर्स खाली. सरळ रस्ते, काटकोनात फुटणारे क्रॉस, दोन्ही बाजूंना कंपाउंडच्या भिंती. शिकणाऱ्यासाठी यापेक्षा सोयीचा नकाशा काढता येणार नाही. आणि माग ठेवणं पीण्याला नवीन थोडंच आहे? इस्रोच्या उपग्रहांचा माग ठेवणारं इस्ट्रॅकचं मुख्यालय इथेच आहे. मात्र कुत्रा घेऊन त्या भिंतीच्या आसपास रेंगाळू नका. मोठ्या कंपन्यांच्या आणि सरकारी संस्थांच्या गेटांपासून लांबचे, लहान शेडांचे रस्ते निवडा.

कुत्रा कुठला हवा? घरी असेल तो. माझी गोणी ही गेटवर रिकाम्या गोण्यांच्या ढिगात जन्मलेली गावठी कुत्री आहे आणि तिच्या नाकाला काही कमी नाही. लॅब्राडॉर खाण्यासाठी काहीही करतो, म्हणून लवकर शिकतो. बीगलचं नाक उत्तम, पण वाटेतल्या प्रत्येक कागदी प्लेटशी त्याचा काही ना काही व्यवहार असतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला गारव्यात, छोट्या मागांवर न्या. कर्नाटकात राहणाऱ्यांकडे मुधोळही असतो, आपला कारवान. मुधोळच्या मालोजीराव घोरपडे राजेसाहेबांनी ही जात जोपासली आणि तिची पिल्लं पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली. हा नजरेचा शिकारी. हलणारं काही दिसलं की मान वर करून धावणारा. त्याला सुरुवातीपासून असा रस्ता द्या की लपणारा माणूस दोन पावलांत कोपऱ्याआड जाईल. डोळ्यांचं काम संपलं की तो नाकाकडे वळतो, आणि मग बघत राहावं.

सामान फार नाही. पाठीवर कडी असलेला, खांद्यांची हालचाल मोकळी ठेवणारा हार्नेस. गळ्याच्या पट्ट्याला लांब दोरी लावायची नाही, झटका थेट मानेला बसतो. सुरुवातीला पाच मीटरची दोरी, हात बसल्यावर आठ ते दहा मीटरची. स्प्रिंगने आत-बाहेर होणारा पट्टा नको. तो कुत्र्याला सतत मागे ओढत राहतो, त्यामुळे हाताला खरं काही कळत नाही. नायलॉनची दोरी हात सोलते तेव्हा हातमोजे घाला; शॉपमधले चालतील. घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या, पाणी, आणि घरी रोज न मिळणारा खाऊ. उकडलेलं चिकन किंवा पनीर. रोजच्या कोरड्या खाण्यावर कुणी डांबर तुडवत नाही.

वासाची वस्तू निवडताना नवशिके हटकून चुकतात, आणि पीण्यात तर जास्तच. मी पहिल्या रविवारी एका मित्राने हात पुसलेलं कॉटन वेस्ट वापरलं होतं. त्या बोळ्याला आधी निदान चारजणांचे हात लागलेले. गोणीने तो हुंगला, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ चहाच्या टपरीकडे निघाली, जिथे त्यातले दोघे उभे होते. चूक तिची नव्हती. सगळ्यांनी वापरलेले हातमोजे, एप्रन, पुसायची फडकी, सगळं बाद. ज्याला लपायचंय त्याचा स्वतःचा मोजा, टोपी किंवा गळ्यातल्या ओळखपत्राची फीत घ्या. ती त्यानेच पिशवीत टाकावी आणि पिशवीही त्यानेच बंद करावी. तुम्ही वस्तूला बोट लावू नका. कुत्र्यापुढे पिशवी उघडून जमिनीवर ठेवा. तोंडावर दाबू नका. एक श्वास घेतला तरी त्याला पुरतो.

पहिला दिवस असा. घरातलं किंवा कुत्र्याच्या ओळखीचं कुणीतरी लपणारं हवं. हार्नेस माग सुरू करायच्या जागीच चढवा, एरवी फिरायला जाताना कधीही नको. थोड्याच दिवसांत बकलाचा आवाज ऐकूनच कुत्रा कामावर येतो. लपणाऱ्याने कुत्र्याला खाऊ दाखवावा, चाळवावं, आपली टोपी खाली टाकावी आणि पळत जाऊन पंधरा-वीस मीटरवरच्या कोपऱ्याआड बसावं. तुम्ही कुत्र्याला टोपीपाशी न्या, त्याने ती हुंगली की एकदाच शब्द उच्चारा आणि चालू लागा. आमचा शब्द ‘शोध’. शेजारच्या शॉपमधले एकजण ‘हुडुकु’ म्हणतात. कुत्र्याला मराठी-कन्नड दोन्ही सारखंच, फक्त शब्द दर आठवड्याला बदलू नका. कोपऱ्याआड माणूस सापडला की खरा सण तिथे व्हायला हवा. खाऊ सगळा लपणाऱ्याकडे, आणि तो एकेक तुकडा करून सावकाश द्यायचा. तुमच्या खिशात काही नको, नाहीतर कुत्रा पुढे जायचं सोडून तुमच्या खिशाचा माग काढेल.

असे तीन माग, मधे दहा-पंधरा मिनिटांची विश्रांती, आणि घरी. तास-दोन तास घासायचं नाही. नाकाचं काम पळण्यापेक्षा जास्त थकवतं. पहिल्या रविवारी दुपारभर कुत्रा मेल्यासारखा झोपला तर घाबरू नका.

पुढची वाढ करताना एका वेळी एकच गोष्ट अवघड करा. आधी लपणारा दिसायचा बंद होतो. तो आधीच निघून गेलेला असतो आणि कुत्र्याला फक्त वस्तू मिळते. मग अंतर पन्नास मीटर, शंभर मीटर. मग एक वळण. मग वेळ: माणूस गेल्यावर पाच मिनिटांनी निघा, नंतर पंधरा, नंतर अर्ध्या तासाने. मग अनोळखी माणूस. मग वाट ओलांडून जाणारी दुसरी माणसं. अंतर आणि वेळ एकाच रविवारी वाढवलीत आणि कुत्रा गोंधळला, तर कशाने गोंधळला हे तुम्हाला कधीच कळणार नाही. शॉपमध्ये आपण फीड आणि स्पीड एकदम बदलून टूल मोडतो आणि मग दोघांनाही शिव्या देतो, तसं.

आता दोरी. कुत्रा पुढे असतो, वास त्याला कळतो, वाट त्याला कळते. मागच्या माणसाचं काम एवढंच की त्याला अडवायचं नाही आणि तो काय सांगतोय ते वाचायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्याला वाट माहीत असते. लपणारा डावीकडे वळलेला आपण पाहिलेला असतो. कुत्रा सरळ गेला की आपला हात नकळत जड होतो, पाऊल अडखळतं, खांदा डावीकडे वळतो. कुत्रा हे सगळं पाठीवरच्या दोरीतून वाचतो. पाच-सहा रविवार असे गेले की तो लपणाऱ्याचा माग सोडून तुमचाच माग काढायला लागतो, दर वळणावर तुमच्या हाताची वाट बघतो, आणि तुम्हाला वाटतं, काय झकास शिकलाय!

म्हणून चार-पाच आठवड्यांतच वाट माहीत नसलेले माग सुरू करा. लपणाऱ्याने कुठे जायचं ते त्याचं त्याने ठरवावं. फक्त फोन चालू ठेवावा. चौकात पोचलात की तुम्ही थांबा, कुत्र्याला थांबवू नका. दोरी सैल सोडत राहा आणि त्याला चारही फाटे तपासू द्या. तो एखाद्या फाट्यात आठ-दहा पावलं जाईल, डोकं वर येईल, शेपटी सैल पडेल, वळून परत येईल. त्याचं ‘इथे नाही’ म्हणणं ते असंच. दुसऱ्या फाट्यात डोकं खाली जातं, श्वास भराभर ऐकू येतो, दोरी एकदम ताणते. तेव्हाच चाला. प्रत्येक कुत्र्याच्या खुणा वेगळ्या. गोणीचा डावा कान बरोबर वाटेवर मागे पडतो. हे कळायला मला चार महिने लागले, तेही कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं म्हणून. तुम्हीही करा. कुत्रा कुठे चुकला हे बघायला बसाल आणि तुम्ही कुठे दोरी ओढलीत ते दिसेल.

कुत्रा माणसाच्या पावलांवरून जात नाही, यावरूनही सुरुवातीला वाद होतात. आपल्या अंगावरून त्वचेचे अतिसूक्ष्म कण सतत गळत असतात. ते वाऱ्याबरोबर जातात आणि अडतील तिथे साठतात. पीण्यात ते अडतात भिंतीच्या बुडाशी, बंद शटरच्या फटीत, उभ्या ट्रकच्या चाकांपाशी, उघड्या गटारात. गाडी वेगाने गेली की रस्त्याच्या मधला वास कडेला फेकला जातो. त्यामुळे माणूस रस्त्याच्या उजव्या अंगाने गेला असेल आणि कुत्रा डाव्या भिंतीला नाक घासत जाईल, दोघंही बरोबर. दोन शेडांमधल्या बोळात वारा आत ओढला जातो, तिथे कुत्रा शिरेल, चार पावलांवर थांबेल आणि बाहेर येईल. ओरडू नका. वास खरंच आत गेलेला होता, माणूस गेला नव्हता.

उन्हाचा हिशेब वेगळा. डांबर तापलं की त्यावरची हवा वर उठते, वास पातळ होतो, सुकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुत्रा धापा टाकायला लागतो, आणि तोंडाने श्वास घेणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही. बेंगळुरू नऊशे मीटर उंचीवर आहे, सकाळी गार असतं, याचा फायदा घ्या. मार्च-एप्रिलमध्ये आठच्या आत आवरा. हाताचा पालथा पंजा सात सेकंद डांबरावर ठेवता आला नाही तर कुत्र्याला त्यावर चालवू नका. जून ते सप्टेंबर हा खरा हंगाम. ओलसर हवा आणि भुरभुर पावसात वास जमिनीलगत टिकतो. मुसळधार झाला तर मात्र घरी बसून भजी खावीत.

पीण्यात दोन गोष्टी खरोखर घातक आहेत. पहिली जमिनीवरची. लेथमधून निघालेली बर, तिचे कुरळे धारदार तुकडे भंगाराच्या गाड्यांतून रस्त्यावर सांडलेले असतात. पंज्याच्या गादीत शिरले तर महिनाभर खेळ बंद. वाट आदल्या दिवशी स्वतः चालून बघा. साचलेलं पाणी कुत्र्याला अजिबात पिऊ देऊ नका. इथे इलेक्ट्रोप्लेटिंगचे कारखाने आहेत आणि इथल्या भूजलात क्रोमियम सापडलेलं आहे. उंदरांमुळे लेप्टोस्पायरोसिसची भीती असतेच, तेव्हा रेबीजच्या लशीबरोबर तीही लस झालेली हवी. घरी गेल्यावर चारही पंजे साध्या पाण्याने धुवा आणि बोटांच्या मधे बघा.

दुसरी गोष्ट रस्त्यावरची कुत्री. प्रत्येक गेटची आपली टोळी आहे, तिला वॉचमन आणि चहावाले खाऊ घालतात, आणि तिच्या दृष्टीने तुमचा कुत्रा घुसखोर. काठी उगारून प्रश्न वाढतो. पुढे एक माणूस चालता ठेवा, तो टोळी दिसली की हात वर करेल. तुम्ही वळा आणि माग तिथेच सोडून द्या. लपणाऱ्याला फोन करून जवळ बोलवा, म्हणजे कुत्र्याचं काम रिकाम्या हाताने संपणार नाही. दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जाणाऱ्या कुत्र्याला हा खेळ एरवी फार मानवतो, कारण त्यात तो एकटाच असतो. पण त्याची सुरुवात पीण्यात नको, परवानगी घेऊन एखाद्या बंद कंपाउंडात करा.

परवानगीवरून आठवलं. रविवारी सकाळी सात वाजता भंगाराच्या ढिगामागे उकिडवा बसलेला माणूस कुणालाही चोरच वाटतो. आमचा टूलरूमचा सुपरवायझर असाच बसला होता. मागून ‘यार्री अल्ली?’ असा दरडावणारा आवाज आला आणि तो दचकून उभा राहिला. वॉचमनने त्याला दंडाला धरून गेटाकडे नेलं, आणि गोणी वासावरून बरोबर गेटापर्यंत पोचली. तांत्रिकदृष्ट्या ती यशस्वी ठरली. तेव्हापासून आम्ही आधी त्या रस्त्यावरच्या सगळ्या वॉचमनना भेटून सांगतो, आणि लपणारा माणूस भडक नारिंगी जाकीट घालतो. कुत्र्याला रंगाने काही फरक पडत नाही.

थोडं जमायला लागलं की कुणीतरी येणारच: शॉपमध्ये चोरी झाली, तुमचा कुत्रा आणा. नाही म्हणा. पोलिसांच्या कुत्र्यांचं शिक्षण वेगळं असतं. दावणगेरे पोलिसांची तुंगा नावाची डॉबरमन २०२० साली एका खुनाच्या तपासात दहा किलोमीटरहून जास्त धावत संशयिताच्या दारापर्यंत गेली होती. तिच्यामागे रोजचा सराव होता आणि ती जागा पोलिसांनी राखलेली होती. तुम्ही पोचाल तोवर तिथून पंधराजण हिंडून गेलेले असतात. आणि कुत्र्याने एखाद्या हेल्परपुढे शेपटी हलवली तर? दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९६९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की माग काढणाऱ्या कुत्र्याच्या पुराव्याला फार वजन देता येत नाही. कुत्र्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणी घेता येत नाही. कोर्ट जे करायला धजत नाही ते कँटीनमधली माणसं पाच मिनिटांत करतात, आणि एखाद्या गरिबाची नोकरी जाते.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, वारा कुठून होता, माग किती जुना, किती लांब, कोण लपलं होतं, कुत्रा कुठे अडला, आणि तुम्ही कुठे ढवळाढवळ केलीत. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर तो पुन्हा आठवून भरा.

शेवटी उरतो तो या खेळातला सर्वांत दुर्मीळ माल: लपायला तयार असलेली माणसं. कुत्र्याला दर एक-दोन आठवड्यांनी नवा वास लागतो आणि ओळखीचे लोक तीन महिन्यांत संपतात. दोन-तीन कुत्रेवाले एकत्र या, म्हणजे एकमेकांसाठी लपता येतं. शिफ्ट सुटलेल्या पोरांना विचारा. त्यांना गंमत वाटते. लपणाऱ्याला अर्धा तास फोनमध्ये डोकं घालून, न हलता, डासांत बसावं लागतं, हे विसरू नका. कुत्र्याला त्याच्याकडून चिकन मिळतं. त्याला तुमच्याकडून तट्टे इडली आणि कॉफी मिळायला हवी, आणि तीही गरम असेपर्यंत.